दर सारखाच, तरी एका ग्राहकाशी जमते आणि दुसऱ्याशी जमत नाही, असे का होते?

प्रश्न : मशीनशॉपवाला, गोकुळ शिरगाव

नमस्कार. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचे मशिनिंगचे छोटे युनिट आहे. जवळच्या फाउंड्रीकडून (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याकडून) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घ्यायचे, त्यावर टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करायचे आणि ट्रॅक्टर व पंप बनवणाऱ्या कंपन्यांना तयार भाग पुरवायचा, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. सध्या दोन मोठे ग्राहक आहेत. दोघांचे दर जवळपास सारखे, भाग एकाच जातीचे आणि पैसे देण्याची कागदावरची मुदतही सारखीच. पहिल्या कंपनीतील अधिकारी अतिशय गोड बोलतात, दिवाळीला आवर्जून फोन करतात, भेटायला गेलो की चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. तरीही त्यांचे काम मशीनवर लावताना आमच्या मनात धाकधूक असते. दुसऱ्या कंपनीची माणसे रोखठोक आहेत, ऑडिटला आली की घाम फोडतात, माप तपासण्याच्या एका गेजच्या कॅलिब्रेशनची (अचूकता पडताळण्याची) तारीख उलटून गेलेली दिसली म्हणून त्यांनी अख्खा लॉट थांबवलेला आहे. पण नवीन मशीनसाठी कर्ज काढायचे ठरते, तेव्हा आम्ही त्यांच्याच ऑर्डरच्या भरवशावर बँकेत जातो.

आता तिसऱ्या कंपनीची मोठी ऑर्डर समोर आहे. ती स्वीकारली तर आमची निम्म्याहून अधिक क्षमता एकाच ग्राहकासाठी अडकेल आणि दोन व्हीएमसी (संगणकनियंत्रित मशिनिंग यंत्रे) नव्याने घ्याव्या लागतील. दर वाईट नाही. पुरवठादार आणि खरेदीदार यांचे संबंध चांगले राहतात की बिघडतात हे नेमके कशावर ठरते, आणि ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी बाहेरून ते ओळखण्याचा काही मार्ग आहे का? विश्वास हवा, संवाद हवा, अशी उत्तरे व्यवस्थापनाच्या पुस्तकांत वाचलेली आहेत. तो विश्वास कशाने बसतो आणि कशाने उडतो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त खरेदी अधिकारी, चिंचवड

माझी सगळी नोकरी खरेदी विभागात गेली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून जे दिसले ते लिहितो. तुम्ही एका कंपनीशी व्यवहार करता असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात तो खरेदी, गुणवत्ता, स्टोअर आणि अकाउंट्स अशा चार विभागांशी असतो. खरेदीवाल्याला वर्षाअखेरीस विचारले जाते की दर किती कमी करून आणला. गुणवत्तावाल्याला विचारतात की लाईनवर किती भाग नापास झाले. स्टोअरवाल्याच्या डोक्यावर साठा कमी ठेवण्याची टांगती तलवार असते आणि अकाउंट्सला पैसे जितके उशिरा जातील तितके बरे वाटते. या चौघांपैकी प्रत्येकाला आपापला आकडा सुधारण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भार पुरवठादारावर ढकलणे. असा किती भार बाहेर ढकलला, हे विचारणारा कोणी वरच्या पातळीवर नसेल, तर खरेदीतला माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्या हातात फारसे काही राहत नाही. तुमच्या पहिल्या ग्राहकाचे बहुधा हेच झाले आहे, आणि तिथल्या अधिकाऱ्यांचा गोडवा खोटा असेल असे मी तरी म्हणणार नाही.

एक उदाहरण तपशिलात सांगतो, कारण बहुतेक संबंध तिथेच नासतात. कास्टिंग वरून स्वच्छ दिसते, आवक तपासणीत पास होते, मशीनवर चढते आणि दुसऱ्या कटला आतला ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, उघडा पडतो. समजा, कास्टिंग ३०० रुपयांचे आहे आणि तोवर त्यावर २०० रुपयांचे मशिनिंग झालेले आहे. ३०० रुपये फाउंड्रीच्या अंगावर जाणार याबद्दल कोणाचा वाद नसतो. प्रश्न त्या २०० रुपयांचा असतो. काही कंपन्या दोन दिवसांत ईमेल पाठवतात, तुकडा लाल पेटीत बाजूला ठेवतात, हीट क्रमांकासह (धातूच्या कोणत्या घाण्यातला तुकडा ते सांगणारा क्रमांक) फोटो जोडतात, पुरवठादाराच्या माणसाला बोलावून तो दाखवतात आणि मशिनिंगचा खर्च आधी ठरलेल्या प्रमाणात वाटून घेतात. काही कंपन्या यातले काहीच करीत नाहीत. दीड महिन्याने पैसे जमा होतात, सोबतच्या तपशिलात एका ओळीत कपात दिसते, विचारायला जावे तर तो तुकडा केव्हाच भंगारात गेलेला असतो, आणि मग गुणवत्ता विभाग अकाउंट्सकडे बोट दाखवतो, अकाउंट्स गुणवत्ता विभागाकडे. दोन्ही कंपन्यांनी वर्षभरात कापलेली रक्कम कदाचित सारखीच निघेल. पण पहिल्या ठिकाणी डेबिट नोट (कपातीची चिठ्ठी) खोडून काढायला जागा असते आणि दोष कुठून आला हे पुरवठादाराला कळते, म्हणून पुढच्या वेळी तो गेटिंग, म्हणजे साच्यात धातू जाण्याची वाट, बदलून पाहतो. दुसऱ्या ठिकाणी तो काहीच सुधारत नाही. फक्त पुढच्या कोटेशनमध्ये गुपचूप दोन टक्के वाढवून ठेवतो, आणि ती वाढ कशासाठी आहे हे खरेदीवाल्याला कधीच समजत नाही.

दुसरी खूण महिनाअखेरीची. साठ्याचा आकडा कमी दिसावा म्हणून शेवटच्या चार दिवसांत आवक बंद करणारे कारखाने आहेत. तुमची गाडी गेटबाहेर उभी राहते, बिलावर तारीख २८ ची आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) पुढच्या महिन्याच्या २ तारखेचा, आणि पैशांची मुदत जीआरएनपासून मोजतात. नव्या कंपनीच्या गेटवर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा जाऊन या. बाहेर थांबलेले ड्रायव्हर तुम्हाला बैठकीपेक्षा जास्त सांगतील.

उत्तर २ : भट्टीवाला, शिरोली

वरील उत्तर पटले, मात्र त्यात धातूच्या भावाचा विषय आलेला नाही, आणि आमच्या धंद्यात भांडणे सर्वाधिक त्यावरून होतात. फाउंड्रीच्या खर्चात पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि भंगार यांचा वाटा मोठा असतो आणि त्यांचे भाव आमच्या हातात नसतात, तुमच्या हातात नसतात आणि ट्रॅक्टर कंपनीच्याही नसतात. म्हणून शहाण्या करारात मूळ भाव लिहिलेला असतो, कोणत्या बाजाराचा कोणत्या कालावधीतील सरासरी भाव धरायचा ते ठरलेले असते, आणि दर तिमाहीला कास्टिंगचा दर किलोमागे त्याप्रमाणे वर किंवा खाली सरकतो. इतके साधे कलम असले, की दोन्ही बाजूंच्या माणसांना एकमेकांशी उगाच गोड बोलावे लागत नाही.

२०२२ साली या कलमाची खरी परीक्षा झाली. रशिया आणि युक्रेन हे दोन्ही देश पिग आयर्नचे मोठे निर्यातदार असल्यामुळे युद्ध सुरू होताच भाव भडकले. पुढे मे महिन्यात केंद्र सरकारने पोलाद आणि पिग आयर्नच्या निर्यातीवर शुल्क लावले, तेव्हा देशातले भाव उतरू लागले. नोव्हेंबरमध्ये ते शुल्क काढून घेतले गेले. म्हणजे एकाच वर्षात भाव चढलाही आणि पडलाही. चढत्या काळात अनेक खरेदीदारांनी वाढ तत्त्वतः मान्य केली, पण पर्चेस ऑर्डरमधील दर महिनोन्महिने सुधारला नाही. ऑर्डर, जीआरएन आणि बिल या तिन्हींत एकच दर असल्याशिवाय त्यांची संगणक प्रणाली बिल पुढे सरकू देत नाही, त्यामुळे आम्ही जुन्या दराने बिले करीत राहिलो आणि फरकाची पुरवणी बिले नंतर मागे लागून वसूल करावी लागली. व्याज अर्थातच आमचे गेले. मात्र भाव उतरू लागल्यावर आमच्यातील कित्येकांनी काय केले, हेही लिहायला हवे. जो तो म्हणू लागला की आमच्याकडे महागाचा साठा पडून आहे, तो संपेपर्यंत दर कमी करता येणार नाही. काहींचे म्हणणे खरे होते, सगळ्यांचे नव्हते. खरेदीदारांनीही ते लक्षात ठेवले.

आता, गोकुळ शिरगावकर दादा, तुम्हाला थोडे स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुम्ही पुरवठादार म्हणून प्रश्न विचारला आहे, पण तुम्ही आमच्यासारख्याचे खरेदीदारही आहात. तुमच्या फाउंड्रीला भाववाढ तुमच्या ग्राहकाकडून मिळाल्यावर देता की तिमाही उलटताच देता? पॅटर्न, म्हणजे साचा तयार करण्याचा नमुना, ग्राहकाच्या मालकीचा, ठेवलेला फाउंड्रीत. तो झिजून मिसमॅच येऊ लागला (कास्टिंगच्या दोन बाजू नीट जुळेनाशा झाल्या) की दुरुस्तीचा खर्च कोण करतो, हे तुमच्यात लिहून ठरले आहे का? वरची कंपनी जशी वागते तसेच मधला माणूस खाली वागतो, असे आमच्याकडे सर्रास दिसते. तिसऱ्या कंपनीचा दर चांगला आहे असे तुम्ही म्हणता. पण धातूच्या भावाचे कलम तिच्या करारात नसेल आणि तुमच्या फाउंड्रीने मात्र ते मागितले, तर मधला सगळा फरक तुमच्या खिशातून जाईल.

उत्तर ३ : हिशेब तपासणारा, सांगली

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि माझ्याकडे लघुउद्योजकांचीच कामे अधिक असल्यामुळे पैशांच्या बाजूने लिहितो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे करारात ठरलेल्या तारखेपर्यंत, पण कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. येथील बहुतेक उद्योजकांना ४५ दिवस पाठ असतात, पण त्याच कायद्यातील दुसरी तरतूद लक्षात नसते. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे कायदा मानतो. चिंचवडच्या सरांनी सांगितलेला गेटवरचा खेळ आणि दीड महिन्याने कळणारी कपात या दोन्ही गोष्टी या तरतुदीसमोर ठेवून पाहा.

पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायदा १९६१ मध्ये कलम ४३बी(एच) घातले आणि ते आर्थिक वर्ष २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झाले. सूक्ष्म व लघु पुरवठादाराची जी रक्कम मुदत उलटूनही ३१ मार्चला थकीत राहते, ती खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. प्रत्यक्ष दिली जाईल त्या वर्षीच धरता येते. त्या मार्च महिन्यात माझ्या काही अशिलांचे जुने अडकलेले पैसे अचानक सुटले, हे खरे आहे. काही खरेदीदारांनी मात्र पुरवठादारांना उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) रद्द करायला सुचवले, किंवा मध्यम गटातील पुरवठादाराकडे काम वळवले, हेही तितकेच खरे आहे.

थकबाकीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (याच कायद्याखालील तंटा सोडवणाऱ्या मंडळाकडे) दाद मागता येते, त्यासाठी २०१७ मध्ये समाधान पोर्टल सुरू झाले, आणि कौन्सिलचा निवाडा विरोधात गेलेल्या खरेदीदाराला तो आव्हानित करण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण चालू ग्राहकाविरुद्ध तिथे जाणारा पुरवठादार क्वचितच दिसतो. तिथे येणारी प्रकरणे बहुधा अशांची असतात ज्यांचे काम आधीच तुटलेले आहे. म्हणून कायद्यातील मुदती तक्रारीच्या वेळी दाखवण्यापेक्षा करार करतानाच त्यात उतरवून घ्याव्यात. तिसऱ्या कंपनीची उलाढाल २५० कोटी रुपयांपेक्षा जास्त असेल तर तिला ट्रेड्स या बिल वटवण्याच्या मंचावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. केवळ नोंदणी पुरेशी नाही. ती तिथे पुरवठादारांची बिले प्रत्यक्ष मान्य करते का, आणि किती दिवसांत करते, हे विचारा. बिल एकदा मान्य झाले की बँका त्यावर बोली लावतात, पैसे तुम्हाला लवकर मिळतात, आणि पुढे खरेदीदाराने ते बुडवले तरी बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. जीएसटीचे विवरणपत्र पुरवठादाराने वेळेत भरले नाही तर खरेदीदाराला त्या बिलावरील कराचे क्रेडिट मिळत नाही, आणि तो पैसे अडवतो. यात त्याला दोष देता येत नाही. पैसे उशिरा येतात म्हणून विवरणपत्र उशिरा, आणि विवरणपत्र उशिरा म्हणून पैसे आणखी उशिरा, या फेऱ्यात अडकलेली युनिट मी दरवर्षी पाहतो.

उत्तर ४ : नागोयाहून एक अभियंता

मी मूळचा इस्लामपूरचा, सध्या जपानमध्ये वाहनउद्योगात काम करतो. निम्म्याहून अधिक क्षमता एकाच ग्राहकाला द्यावी का, या प्रश्नाच्या निमित्ताने येथील एक प्रसंग सांगावासा वाटतो, कारण त्यात अवलंबित्वाची उलट बाजू दिसते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयची प्रांतातील कारिया येथे आयसिन सेकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधील एक छोटा झडपेचा भाग जवळजवळ संपूर्णपणे याच कारखान्यातून येत असे, आणि टोयोटाकडे त्याचा साठा फारच थोडा होता. टोयोटाचे जपानमधील बहुतेक जुळणी कारखाने बंद पडले. त्यानंतर जे घडले त्याचा पुढे बराच अभ्यास झाला. आयसिनने आपली ड्रॉइंग खुली केली आणि सुमारे दोनशे लहानमोठ्या कंपन्यांनी, ज्यांपैकी अनेकांनी हा भाग पूर्वी कधी केला नव्हता, हाताशी असलेल्या साध्या मशीनवर तो करायला घेतला; त्यांत शिवणयंत्रांसाठी ओळखली जाणारी ब्रदर ही कंपनीसुद्धा होती. काम सुरू करताना दराची घासाघीस झाली नाही, भरपाईचे नंतर पाहू असे सगळ्यांनी गृहीत धरले. आठवडाभरात उत्पादन बरेचसे पूर्वपदावर आले.

ही गोष्ट भारतात सांगितली की ऐकणारे जपानी संस्कृती, निष्ठा वगैरे बोलू लागतात. मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. टोयोटा पुरवठादारांशी मऊ वागते अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. ठरावीक काळाने दर कमी करण्याची अपेक्षा इथेही असते आणि ती कठोरपणे मांडली जाते. फरक असा, की दर कमी करा म्हणणारी कंपनी तो कसा कमी होईल हे शोधायला आपले अभियंते पुरवठादाराच्या शॉपफ्लोअरवर पाठवते, आणि चांगले काम करणाऱ्याचे काम पुढच्या मॉडेलमध्येही चालू राहील, असे मागचा इतिहास सांगतो. उद्याचे काम जवळपास नक्की असेल, तर आजची भरपाई नंतर मागणे परवडते.

संस्कृतीचा मुद्दा अपुरा का, याचे दुसरे कारण अमेरिकेत सापडते. क्रायस्लर या अमेरिकन कंपनीने १९९० च्या सुमारास पुरवठादारांची संख्या घटवली, उरलेल्यांना दीर्घ मुदतीचे काम दिले, खर्च वाचवण्याच्या सूचना त्यांच्याकडून मागवल्या आणि वाचलेल्या रकमेत त्यांना वाटा दिला. ती पद्धत तिथे उत्तम चालली. पुढे जर्मन कंपनीशी विलीनीकरण झाले, तोटा वाढला, आणि डिसेंबर २००० मध्ये सर्व पुरवठादारांना कळवण्यात आले की १ जानेवारी २००१ पासून दर ५ टक्क्यांनी कमी करा. दहा वर्षांत कमावलेले नाते किती झपाट्याने खर्च करता येते, याचे हे उदाहरण आहे. म्हणून नव्या कंपनीबद्दल माझा एकच प्रश्न राहील : मागच्या मंदीत तिने पुरवठादारांशी काय केले? बाजार तेजीत असताना सगळेच चांगले वागतात.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर : मशीनशॉपवाला

सर्वांचे मनापासून आभार. शिरोलीच्या दादांचा प्रश्न रास्त आहे. आमच्या फाउंड्रीला आम्ही भाववाढ ग्राहकाची सुधारित ऑर्डर हाती आल्यावरच देतो, कारण तेवढे भांडवल आमच्याकडे फिरते नसते. पण ज्या तारखेपासून आम्हाला मिळते त्या तारखेपासूनच त्यांना देतो आणि ऑर्डरची प्रत दाखवतो. पॅटर्नच्या दुरुस्तीबद्दल लेखी काहीच नाही, ते आता करू.

तिसऱ्या कंपनीला काल चार गोष्टी लेखी विचारल्या : डेबिट नोट काढण्याची पद्धत, धातूच्या भावाचे कलम, ट्रेड्सवर बिले मान्य करण्याचा सरासरी कालावधी आणि शेड्यूलमधील (दरमहा किती माल उचलणार त्या वेळापत्रकातील) निश्चित व अंदाजे महिने. पहिल्या तिन्हींची उत्तरे नीट आली. शेड्यूलबद्दल मात्र त्यांचे म्हणणे असे, की एक महिना निश्चित आणि पुढचे दोन अंदाजे, आणि वार्षिक संख्येची कोणतीही हमी देता येणार नाही. दोन व्हीएमसीचे हप्ते या अंदाजावर कसे बांधावेत?

उत्तर ५ : निवृत्त खरेदी अधिकारी, चिंचवड

वार्षिक संख्येची हमी तुम्हाला कोणतीही मोठी कंपनी देणार नाही, कारण तिलाही तिचा ग्राहक ती देत नाही. त्यावर अडून बसू नका. त्याऐवजी दोन गोष्टी मागा, ज्या खरेदीवाल्याला वरून मंजूर करून घेता येतात. पहिली म्हणजे फिक्स्चर (मशीनवर भाग पकडून ठेवणारी चौकट), खास टूल आणि गेज यांचा खर्च दरात मिसळू नका. तो वेगळा दाखवून ठरावीक नगसंख्येवर वसूल व्हावा आणि तेवढे नग होण्याआधी काम थांबले किंवा ड्रॉइंग बदलले तर उरलेली रक्कम कंपनीने एकरकमी द्यावी, असे लिहून घ्या. दुसरी म्हणजे निश्चित महिन्याचे शेड्यूल मध्येच कापले, तर तयार माल पूर्ण आणि मशीनवर असलेला माल झालेल्या कामाइतक्या किमतीला उचलण्याची जबाबदारी त्यांची राहील. त्याबरोबर अंदाजे महिन्यांसाठी निदान कास्टिंगची किंमत तरी त्यांनी मान्य करावी, कारण फाउंड्रीला तुम्हाला आधी ऑर्डर द्यावीच लागते.

व्हीएमसी मात्र तूर्त एकच घ्या, आणि तीही अशी की फिक्स्चर बदलले की दुसऱ्या ग्राहकाचे काम तिच्यावर चढेल. त्यांच्या भागासाठी खास मशीन घ्यायचे सुचवले गेले तर ते मशीन त्यांच्या पैशाने तुमच्या शेडमध्ये बसवण्याची पद्धतही रूढ आहे. तसे विचारायला संकोच करू नका. पहिल्या दोन तिमाहींत अंदाजे शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल यांचा तक्ता ठेवा. तफावत फारशी पडत नसेल तर दुसऱ्या मशीनसाठी बँकेत तोच तक्ता घेऊन जा.

उत्तर ६ : भट्टीवाला, शिरोली

आणि त्या तक्त्याची एक प्रत तुमच्या फाउंड्रीलाही देत जा, म्हणजे तिलाही मोल्डिंगचे (साचे बनवण्याचे) नियोजन आधीपासून करता येईल.